‘आज कसं वाटतंय?’ विचारणारी ॲप्स

पहाटे साडेचारला मी एका पेशंटचं सक्शन करत होते, म्हणजे श्वासनळीतला कफ नळीनं ओढून काढत होते. हातात ग्लोव्हज, डोक्याशी मॉनिटर कोकलतोय आणि खिशातला फोन थरथरला. सकाळी हँडओव्हर झाल्यावर बघितलं, तर प्रशासनानं आमच्यासाठी घेतलेल्या ॲपचा निरोप होता: ‘क्षणभर थांबा. श्वासाकडे लक्ष द्या.’ श्वासाकडेच लक्ष होतं माझं. माझ्या नव्हे, एवढंच.

आयसीयूत नर्स म्हणून चौदा वर्षं काढली. गेल्या वर्षभरात ‘बर्नआउट’वरची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्यावरची, जी ऑनलाइन साधनं हाती लागली, ती वापरून बघितली.

आधी हे ॲप. नाव सांगत नाही. दिसायला देखणं, पावसाचे आवाज, पाच-पाच मिनिटांची ध्यानं. ध्यानाबद्दल तक्रार नाही, एकदोनदा तर ऐकता ऐकता छान डोळा लागला. पण लॉगिनला एम्प्लॉयी नंबर लागतो आणि दर आठवड्याला मूड भरावा लागतो. ‘नावं कुणाला दिसत नाहीत, फक्त विभागाची सरासरी वरिष्ठांकडे जाते,’ असं मेट्रननी सांगितलं. आम्ही सहा जणी. सहा जणींच्या सरासरीत रडका चेहरा कुणाचा, हे शोधायला कितीसा वेळ लागणार? सगळ्यांनी हसरा चेहरा दाबला. त्याच आठवड्यात दोघी चेंजिंग रूममध्ये रडल्या होत्या, त्यातली एक मी. महिन्याच्या आलेखात आमचा विभाग सगळ्यात आनंदी निघाला, आणि मीटिंगमध्ये कौतुकही झालं.

मग बर्नआउट मोजणाऱ्या प्रश्नावल्यांकडे वळले. यातली सगळ्यात नावाजलेली मास्लॅक आणि जॅक्सन या संशोधकांची, 1981 सालची, 22 विधानांची. ती विकत घ्यावी लागते, म्हणून मी ‘प्रोक्वॉल’ भरली. ती फुकट आहे, 30 विधानं, गेल्या 30 दिवसांबद्दल. कामातलं समाधान, बर्नआउट आणि दुसऱ्याचं दुःख बघून बघून होणारा त्रास, असे तीन वेगळे आकडे येतात. मला हे फार आवडलं. बर्नआउटचा आकडा चढा निघाला, पण समाधानाचाही बऱ्यापैकी होता. म्हणजे नर्सिंगचा कंटाळा आला नव्हता, दमले होते. हा फरक मला स्वतःहून कळला नसता. आकडा कळल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र प्रश्नावली सांगत नाही. आणि हे निदानही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-11 मध्येही, बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलाय. झोप पार उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मोबाईल बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जायचं. हे आपण पेशंटला सांगतो, स्वतःला सांगत नाही.

त्याच संघटनेची 2020 ची ताणावरची सचित्र पुस्तिका ऑडिओसकट फुकट मिळते, लॉगिन वगैरे भानगड नाही. चित्रं अगदी साधी. त्यातला पाय जमिनीवर दाबून भानावर येण्याचा व्यायाम मी बेसिनपाशी करते. साबणानं हात धुवायला किमान चाळीस सेकंद तसेही लागतातच. त्यासाठी वेगळी सवड काढावी लागत नाही, म्हणून तो टिकलाय.

सगळ्यात जास्त टिकलं ते ‘थ्री गुड थिंग्ज’. ड्यूक विद्यापीठानं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी चालवलेला हा उपक्रम, पंधरा रात्रींचा. झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्यातला आपला वाटा लिहायचा. वाचून मी नाक मुरडलं होतं. शिवाय नाईट करणारीनं ‘झोपण्याआधी’ म्हणजे सकाळी नऊला लिहायचं. मी सरळ वहीच घेतली. चौथ्या दिवसाची नोंद अशी: ‘१. बेड चारच्या आजोबांनी श्वासाची ट्यूब काढल्यावर नीट आवाजात हाक मारली. रात्रभर त्यांचं तोंड मी ओलं करत होते. २. आयव्ही पहिल्याच टोचणीत लागली. ३. काही नाही.’ नवव्या दिवशी तर एकच सुचली. पण दुसऱ्या आठवड्यात ड्यूटीवर असतानाच ‘हे वहीत जाईल’ असं मनात यायला लागलं. आधी उशीला डोकं टेकलं की कुठलं औषध उशिरा दिलं, कुणाच्या नातेवाइकाशी तुटक बोलले, याचीच उजळणी चालायची. ती अजून चालते, पण आधी आजोबांची हाक येते.

दमणूक कमी झाली का? नाही. सलग पाच नाइट्स वहीनं कमी होत नाहीत. डॉक्टरांवरचे अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये केलेल्या विश्लेषणातही हेच दिसलं, की एकेकट्याला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलल्याचा गुण जास्त येतो.

परवा त्या देखण्या ॲपनं अभिप्राय मागितला. दोन स्टार दिले, तेही पावसाच्या आवाजासाठी. सूचनेच्या चौकटीत या महिन्याचं रोस्टर जोडायचं होतं, पण फाईल जोडायची सोय नव्हती.