भारतनेटची घरजोडणी: पाचपैकी तीन गुण

ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या फायबरवरून खानदेशात घरी कनेक्शन घ्यावं का? गावठाणात राहत असाल तर जरूर घ्यावं. फक्त वेग किती मिळेल हे विचारण्याआधी गावापर्यंत केबल कुठून आली आणि लाइट गेल्यावर काय होतं, ते विचारा. कापलेले दोन्ही गुण तिथलेच आहेत.

जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत, ग्रामपंचायतीतल्या यंत्राच्या एका पोर्टातून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट उतरतं आणि स्प्लिटर ते बत्तीस घरांत वाटतो. सगळी घरं एकदम ओढू लागली तरी प्रत्येकी पाऊणशे एमबीपीएस सुटायला हवं. पण हा हिशेब गावातल्या गावातला. तालुक्याकडून ग्रामपंचायतीला मिळणारी वाट मुळात १०० एमबीपीएस धरून आखलेली होती. ती पुढे वाढवली नसेल तर रात्री आठला सगळं गाव तिथेच अडकतं. म्हणून वेग दुपारी मोजू नका, रात्री मोजा, आणि तोही लॅन केबल लावून. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जेमतेम पोचतं. त्याचा राग फायबरवर निघतो.

जोडणी करणाऱ्याकडून पॉवर मीटरचं रीडिंग लिहून घ्या. पोर्टातून साधारण +३ डीबीएम (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) निघतं, १:३२ स्प्लिटर १७ डीबी खातो, दहा किलोमीटरला साडेतीन, जॉइंट-कनेक्टरला दीड-दोन. म्हणजे घरी −२० च्या आसपास यायला हवं. −२५ च्या खाली असेल तर कुठेतरी केबल मुडपली आहे, कनेक्टर मळला आहे किंवा हिरव्या कनेक्टरला निळा जोडला आहे. −२७ च्या पुढे लाइन कधी चालू, कधी बंद.

आता गावाबाहेर. २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ मध्ये भारतनेट नाव मिळालेल्या या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासूनची जुनी केबल वापरली आणि फक्त उरलेला तुकडा नवा टाकला. सगळी एकेरी ओळ. मध्ये एक कट पडला की पुढची गावं एकदम बंद. चर १.६५ मीटर खोल हवा. खडक लागला की खोली कमी होते आणि काँक्रीटचं किंवा लोखंडी पाइपचं संरक्षण द्यावं लागतं. ते राहून गेलं तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाइपलाइनसाठी आलेला जेसीबी एका घासात केबल उचलतो. काळी माती पावसात फुगते, चैत्रात भेगाळते. उथळ डक्ट (केबलची नळी) तिच्याबरोबर हलते आणि जॉइंट ताणले जातात. खोदण्याआधी कळवण्यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणलं, पण शेतात खोदणारा ते उघडणार कशाला? त्यापेक्षा ग्रामपंचायतीत केबलचा नकाशा टांगला आणि गावातल्या जेसीबीवाल्यांना दाखवला तर जास्त केबल वाचतील.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचा १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात एकेरी ओळीऐवजी रिंग (एक बाजू तुटली तरी दुसरीकडून लाइन चालू) आणि दहा वर्षांची देखभाल आहे. दुरुस्ती योग्य जागी आहे. मात्र रिंगच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या कडेने गेल्या तर रस्ता रुंदीकरणात दोन्ही एकदम तुटतील, आणि नकाशावर रिंग तेवढी दिसत राहील. दोन बाजूंना दोन वेगळे रस्ते ही अट निविदेतच हवी. ठेकेदाराचं बिलही किती किलोमीटर केबल टाकली यावर नको, महिन्यात लाइन किती तास चालू राहिली यावर हवं.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांना हे परीक्षण लागू नाही. सातपुड्यात खडक, घाट आणि वनखात्याची परवानगी, घरं विखुरलेली. तिथे आधी रेडिओ लिंकवरचा टॉवर परवडतो. २४,६८० वंचित गावांसाठीची ४जी योजना जुलै २०२२ मध्ये मंजूर झाली, ती अशाच जागांसाठी.

राहिली वीज. घरच्या डब्याला (फायबरच्या मोडेमला) बहुतेक १२ व्होल्ट लागतात; मिनी यूपीएसवर तो तीन-चार तास निघतो. पण घेण्याआधी एक करा: लाइट गेल्यावर डबा दुसऱ्या बॅटरीवर लावून बघा. एलओएसचा (फायबरमधून प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर ग्रामपंचायतीतल्या यंत्राच्या कपाटाची बॅटरी मेली आहे. मग यूपीएसचे पैसे वाचवा आणि ग्रामसभेत बॅटरीचा ठराव मांडा.