राएची डिक्शनरी आणि कोर्पेस, स्पॅनिश विशेषणांसाठी काही महिने वापरून

स्पॅनिश शिकताना रेआल अकादेमिया एस्पान्योलाची, म्हणजे राएची ऑनलाइन डिक्शनरी बरेच महिने रोज वापरतेय. १७१३ मध्ये स्थापन झालेली संस्था, डिक्शनरीची २३ वी आवृत्ती २०१४ ची, पण ऑनलाइन अपडेट होत राहते आणि पूर्ण फ्री आहे.

सगळं स्पॅनिशमधूनच आहे, त्यामुळे सुरुवातीला वेळ लागतो, पण विशेषणांसाठी हेच बरं पडतं. 'लिस्तो' घ्या. अर्थ दिलेत चटपटीत, तयार, हुशार असे, पण कुठे कुठला लावायचा हे कळायला सोबतचं क्रियापद बघावं लागतं. 'ला निन्या एस लिस्ता' म्हणजे मुलगी हुशार आहे आणि 'ला निन्या एस्ता लिस्ता' म्हणजे मुलगी तयार आहे. आपल्याकडे दोन्हीकडे 'आहे'च, त्यामुळे मराठी माणूस सेर आणि एस्तारमध्ये ('असणे'साठीची स्पॅनिशमधली दोन क्रियापदं, वरचं 'एस' सेरचं रूप आणि 'एस्ता' एस्तारचं) हमखास अडकतो. उलट लिस्तो, लिस्ता, लिस्तोस, लिस्तास हे आपल्याला जड जात नाही, चांगला-चांगली-चांगले सवयीचंच आहे ना, फक्त हुशार आणि तयार मराठीत बदलत नाहीत म्हणून बोलताना शेवटचा स्वर विसरायला होतो, तिथे लक्ष ठेवा.

नोंदीच्या खालचे वाक्प्रचार अजिबात सोडू नका!! 'पासार्से दे लिस्तो' म्हणजे अतिशहाणपणा करणं, आणि 'बास लिस्तो' कोणी म्हटलं तर ते कौतुक नाही, तुझं काही जमणार नाही असं सुनावणं आहे.

पण नुसत्या डिक्शनरीवर भागत नाही, ती मुळात स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. खरा वापर बघायला राएचंच कोर्पेस, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा ऑनलाइन संग्रह, उघडते, २००१ पासूनचा मजकूर, स्पेनपेक्षा लॅटिन अमेरिकेतला जास्त. मूळ शब्द टाकला की चारही रूपांची वाक्यं येतात, देशाप्रमाणे फिल्टरही करता येतं. मी वाक्यं वाचत जाते आणि विशेषणाआधी सेर आलंय का एस्तार ते वहीत लिहिते, असंच 'रिको' पक्कं झालं (सेर असेल तर श्रीमंत, एस्तार असेल तर चविष्ट). 'पोब्रे'ला मात्र जागा बघायची, 'ओंब्रे पोब्रे' म्हणजे गरीब माणूस, 'पोब्रे ओंब्रे' म्हणजे बिचारा.

कोर्पेसचा सर्च फॉर्म पहिल्यांदा किचकट वाटतो, पण बाकीचे रकाने रिकामे ठेवून फक्त मूळ शब्दाचा भरला तरी काम होतं. अगदी नवशिक्यांनी मात्र आधी साधा वर्तमानकाळ नीट करून घ्या, नाहीतर व्याख्याच कळणार नाहीत.