रविवार दोघांचाच असेल तर : सिंहगड की पेठा?

मुलं, सासू-सासरे किंवा मित्रांचं टोळकं बरोबर असेल तर फार विचार करू नका, सरळ गडावर जा. दहा जणांना एका पिठलं-भाकरीवर खूश ठेवणारी दुसरी जागा पुण्यात मला तरी माहीत नाही. हे लिहितोय ते दोघांसाठी. आठवडाभर एकमेकांशी दूध, गॅस आणि हप्ते याच विषयांवर बोलणं झालंय आणि शनिवारी रात्री 'उद्या काय?' असा प्रश्न समोर आहे, अशा दोघांसाठी. आम्ही राहायला कोथरूडात, लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि दोन्ही प्रकार पोटभर करून झालेत.

सिंहगडाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. १३०० मीटर उंचीवरचा वारा शर्टात शिरला की आठवडा मागे पडतो, हे खरंच आहे. पुणे दरवाज्यातून आत शिरून नाकासमोर चालत राहिलं, भज्यांच्या हाका मागे टाकल्या आणि कल्याण दरवाज्याकडे गेलं, की गर्दीही विरळ होते. हवा स्वच्छ असेल तर गडावरून राजगड-तोरणा दिसतात. खाली बसून ठेचा, कांदा, वर मडक्यातलं दही. बायको त्या दह्यासाठी गड चढायला तयार असते आणि दुसरं मडकं मागवताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

घोडं अडतं ते घाटात.

एका जानेवारीत आम्ही नऊला निघालो. चूक माझीच, अंथरुणातून निघवेना. खडकवासल्याला धरणाजवळ गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या, ते गृहीतच होतं. डोणज्यानंतर घाट लागला आणि रांग थांबली. पहिला गिअर, दोन हात पुढे, ब्रेक. डाव्या पायाला क्लचने पेटके यायला लागले, पुढच्या गाडीचा जळका वास काचेतून आत येत होता, आणि मागच्या टेम्पोत कुणीतरी ढोलकीची गाणी लावली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. गाडी वळवायला जागा नाही. वर पोचल्यावर पार्किंगचा शोध, उतरताना पुन्हा तेच. घड्याळ लावून मोजलं नाही, पण गडावर पावणेदोन तास आणि रांगेत त्याहून जास्त, एवढं नक्की. उतरताना आमच्यात एकच संवाद झाला : "तरी सांगत होते, सहाला निघू." घरी आल्यावर दोघंही झोपलो ते दिवेलागणीला उठलो. रविवार संपला.

सहाला निघालं तर हे होत नाही, मान्य. पण गजर लावून उठायचं तर सोमवार काय वाईट?

पेठांतही रांगा आहेतच. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलाबाहेर नाव लिहून आम्ही अर्धा तास ताटकळलो होतो. फरक एवढाच, की तिथे बायको म्हणाली, "चल, सोड." आणि आम्ही सोडलं. रमतगमत लकडी पूल ओलांडून नारायण पेठेत मिसळ खाल्ली. घाटातली रांग सोडता येत नाही. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीवर लागला.

आता आमचा बेत साधारण असा असतो. जाग येईल तेव्हा वेताळ टेकडी. खाणीपर्यंत जायचं, मोर दिसला तर दिसला. मग नाश्ता, जिथे जागा मिळेल तिथे. त्यानंतर पेठांत चालत भटकायचं आणि बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात शिरायचं. पुणेकर पाहुण्यांना तिथे नेतो आणि स्वतः कधी जात नाही. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभं केलं. सगळं एका दमात बघू नका, पाय दुखतील आणि काही लक्षात राहणार नाही. आम्ही एका खेपेला एकच दालन घेतो. मागच्या वेळी अडकित्ते पाहिले. मोराचे, घोड्याचे, माणसांच्या आकाराचे. सुपारी कातरायच्या वस्तूवर कुणी एवढा जीव लावला असेल यावर आम्ही अर्धा तास बोलत होतो. हप्त्यांचा विषय निघाला नाही.

तिथून मंडई हाकेच्या अंतरावर. १८८६ ची ती इमारत डोकं वर करून एकदा बघावी, मग पेरू आणि थंडीत ओल्या हरभऱ्याची जुडी घ्यावी. गाडी मात्र नेऊ नका, नाहीतर इथेही घाटच होईल. २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो थांबते. सिव्हिल कोर्टाला बदलली की नळ स्टॉप. दीडपर्यंत घरी, जेवण, झोप, आणि उठल्यावर संध्याकाळ अख्खी शिल्लक. एखादं नाटक लागलं असेल तर बघायचं, नाहीतर गॅलरीत हरभरे सोलत बसायचं.

माझं गणित सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. पायथ्यापर्यंत पीएमपीच्या बसने जाऊन आतकरवाडीहून चालत चढणार असाल तर माझी तक्रारच रद्द होते. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यात असाल आणि सुट्टी गुरुवारी असेल, तर बिनधास्त गडावर जा, तुमचा हेवा वाटतो. आणि श्रावणात धुकं उतरतं तेव्हा पेठांची बाजू मांडायला मी उभा राहणार नाही. तेव्हा पेठांत चिखलच असतो.

बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "क्लच तुझा दुखतो, पण दही माझं बुडतं." तेव्हा ठरवण्याआधी गाडी कोण चालवणार तेवढं बोलून घ्या.