रपालाचं ट्राउटवालं लुअर शापोऱ्याच्या चोणकाला चालतं का?

लुअर म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष, चोणक म्हणजे महाराष्ट्रातला जिताडा, आणि शापोरा ही उत्तर गोव्यातली आमची नदी. आधीच निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेले मोकळे होतील. रपाला ओरिजिनल फ्लोटर, ११ सेंटीमीटरवालं, होडीतून गरवणाऱ्याने डोळे मिटून घ्यावं आणि पुलावरून किंवा जेटीवरून फेकणाऱ्याने अजिबात घेऊ नये. पाचपैकी मार्क द्यायचे तर होडीवाल्याच्या हातात साडेचार, पुलावरच्याच्या हातात दोन. वस्तू तीच, पण ह्या लुअरचं सगळं भलंबुरं त्याच्या वजनात आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मधे वारा जसा तासातासाला फिरतो त्यात सगळा खेळ वजनाचाच होतो.

आता ट्राउटवालं का म्हणतोय ते. फिनलंडमधे लौरी रपाला म्हणून एक माणूस होता, इंजिनियर वगैरे काही नाही, पोटासाठी मासे मारणारा. पाइयाने नावाच्या भल्यामोठ्या तळ्यावर होडी वल्हवत लांब दोरीला ओळीने गळ लावायचे, रोज आमिष बदलायचं, असा त्याचा धंदा. त्याने बघितलं की मोठा मासा लहान माशांच्या थव्यात शिरला की नीट पोहणाऱ्यांना सोडून जो लटपटतोय, एका अंगावर कलतोय, त्यालाच उचलतो. मग १९३६ साली त्याने बुचाचा तुकडा चपला शिवायच्या सुरीने तासला, वर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला, आणि वॉर्निश परवडत नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. झालं लुअर. ट्राउट, पाइक, पर्च सगळे त्याच्यावर यायला लागले. अमेरिकेत ते गाजलं १९६२ साली, लाइफ मासिकात त्याच्यावर लेख आला आणि नेमका तो मॅरिलिन मन्रो वारल्यानंतरचा अंक, म्हणजे घराघरात गेलेला, असं नशीब सगळ्यांना मिळत नाही. आता बुचाच्या जागी बाल्साचं लाकूड आहे पण चाल तीच, लटपटी.

आमच्याकडे पेडण्यात हे लुअर दाखवलं की पहिला प्रश्न हाच येतो की बाबा ट्राउट गोव्यात कुठे आहे? नाहीच आहे. ट्राउट थंड पाण्याचा मासा, पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला जड जातं, म्हणून आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार असल्याच ठिकाणी सापडतो, तोही इंग्रजांनी आणून सोडलेला. आपली नदी मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास असते, ट्राउट तिथे टिकायचा नाही. पण खाणाऱ्या माशाची अक्कल थंड-गरम पाण्याने फारशी बदलत नाही. चोणकसुद्धा दबा धरून बसणारा, शेवट्याच्या (म्हणजे बोई माशाच्या) थव्यातला लंगडा शोधणारा, त्यामुळे फिनलंडच्या माणसाने जे बघितलं तेच इथे खारफुटीच्या मुळांत चालतं, फक्त चोणक ट्राउटसारखा हळूच टोचत नाही, तोंड उघडतो आणि पाण्यासकट आत ओढतो, फाट्ट असा आवाज येतो आणि मग हातातली काठी तुमची राहत नाही.

बदल आहे तो हवेचा. डोंगरातल्या मोठ्या तळ्यांवर वसंतात बर्फ सुटलं की पाणी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखंच थंड, म्हणून ट्राउट वरच्या थरात काठाजवळ फिरतो, आणि हवा अशी की सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी वारा. वारा ज्या काठाकडे पाणी ढकलतो तिथे खाणं गोळा होतं, मासा पण तिथेच, आणि नेमकं तिथेच होडी सांभाळणं मुश्किल. आपल्याकडे बरोबर उलटं. मे महिन्यात उन्हाने वरचं पाणी तापतं म्हणून दहा वाजेपर्यंत मासा सावलीत नाहीतर खोल गेलेला असतो. सकाळी घाटाकडून मतलई वारा, मंद, नदी गुळगुळीत. अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ नुसतं गदगदतं, आणि मग पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यात चोर्ला घाटाच्या बाजूला ढग चढले की वळीव कधी येईल सांगता येत नाही.

तर वजन. एफ ११ चं, म्हणजे ह्याच ११ सेंटीमीटरवाल्या फ्लोटरचं, वजन फक्त ६ ग्रॅम. एफ १३ घ्या, दोन सेंटीमीटर लांब आणि ग्रॅम फक्त एक जास्त, ७. बाल्सा हलकं म्हणूनच ती चाल जिवंत वाटते, पण समोरून वारा असताना हे लुअर फेकून दाखवा, हवेत थांबतं, आडवं होतं आणि तुमच्याच पायाजवळ येऊन पडतं. कोणी म्हणेल बारीक ब्रेड (विणलेली दोरी) लाव, लांब जाईल. जाईल ना, पण चोणकाच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरीवर मोठा चोणक लागला की डोकं झटकणार आणि लुअर घेऊन जाणार. मी वीस पौंडाची ब्रेड आणि पुढे चाळीस पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे टोकाचा जाड दोरीचा तुकडा, लावतो, आणि तेवढ्या जाडीवर ६ ग्रॅम फेकायची गोष्ट विसरायची. म्हणून म्हटलं पुलावरच्यांना दोन मार्क. शिवोलीच्या पुलावर खाऱ्या वाऱ्यात उभं राहून हे लुअर फेकणारे लोक मी बघितलेत, त्यांची दया येते. तिथे रपालाचंच काउंटडाउन घ्या, तेवढ्याच लांबीचं पण १६ ग्रॅमचं, बुडणारं, गोळीसारखं जातं. फक्त शापोऱ्याच्या तळाला कालवं, जुने खांब, फांद्या भरपूर आहेत, बुडणारं लुअर दोन-चार फेकीत अडकलं तर तक्रार करायची नाही.

आणि इथेच तरंगणारं जिंकतं. ओढलं की चार ते सहा फूट खाली जातं, थांबलात की आपोआप वर येतं. समोर बुडलेली फांदी आहे असं वाटलं की रीळ थांबवा, दोन सेकंद द्या, लुअर वर येईल, मग हळू पुढे. गंमत म्हणजे चोणक बहुतेक वेळा त्या थांबण्यातच मारतो, वर तरंगत जाणारा मेल्यासारखा मासा त्याला सोडवत नाही. म्हणून जे लोक नुसतं गरागरा रीळ फिरवतात आणि म्हणतात लागत नाही, त्यांना एवढंच की हळू, अजून हळू.

होडीतून वापरायची पद्धत तर जुन्या रपालाचीच, फेकायचंच नाही. मावसभावाची छोटी होडी आहे, कामुर्लीच्या वरच्या अंगाला आम्ही उतरतो, तो वल्हं मारतो आणि मी लुअर होडीमागे पंचवीस-तीस मीटर सोडून देतो, खारफुटीच्या कडेला धरून सावकाश. इंजिन लावायचं नाही, एक तर आवाज आणि दुसरं म्हणजे इंजिनाचा कमीत कमी स्पीडसुद्धा ह्या लुअरला जास्त होतो, ते आडवं पळायला लागतं. वल्ह्याची जी ओढ असते ना, एक झटका मग थोडं सैल, तीच त्याला शोभते. काठीचं टोक सारखं थरथरत राहिलं पाहिजे, थरथर बंद झाली म्हणजे शेवाळ किंवा पान अडकलं, लगेच काढा.

मानशीच्या तोंडाशी वेगळी मजा आहे. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, आणि मानशी म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. ओहोटी लागली की खाजनातलं पाणी मानशीतून बाहेर पडतं, त्याच्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक शेवटे येतात, आणि चोणक बाहेर प्रवाहाच्या कडेला तोंड करून उभा असतो, हॉटेलात ऑर्डर यायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाईकासारखा. तिथे फेकायचीही गरज नाही, लुअर प्रवाहात सोडा, पाणीच घेऊन जाईल, मग दोरी ताणून जागेवरच नाचवत ठेवा. बुडणाऱ्या लुअरला हे जमत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात असतं तेव्हा जास्त चालतं, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत मरगळ. एक सांगतो, मानशीवर मासे धरायचा हक्क बहुतेक ठिकाणी पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेला असतो, पैसे मोजलेले असतात त्या माणसाने, तर आत जाळ्याजवळ घुसू नका, आधी विचारा. विचारलं की सहसा बाहेरच्या बाजूला नाही म्हणत नाहीत.

वळीव पडून गेल्यावर काय? पहिल्या एक-दोन सरींनी तर मासा खूश होतो, पाणी जरा गार होतं, पण मोठा पाऊस झाला की डोंगरावरची तांबडी माती उतरते, ही नदी वर तिळारी म्हणून येते तिकडून खालपर्यंत सगळी चहाच्या रंगाची. मग चंदेरी लुअर दिसतच नाही. अशा वेळी फायरटायगर, तो हिरवा-पिवळा-केशरी भडक रंग, बघायला भयानक पण गढूळ पाण्यात तोच. अगदीच लाल पाणी असेल तर रंग विसरा, घरी जा.

आणि विजेचं गांभीर्याने घ्या. होडीत उभं राहून हातात सात फुटांची कार्बनची काठी म्हणजे नदीवरची सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. मावसभाऊ ॲप वगैरे बघत नाही, तो पूर्वेकडे बघतो आणि म्हणतो "घाटार काळें जालां, चल पाटीं" (घाटावर काळं झालंय, चल मागे), मग कितीही चांगला मासा लागत असो, पाटीं म्हणजे पाटीं. मी पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं दामिनी ॲप चालू ठेवतो, आसपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. दोघांत भांडण झालं तर मावसभावाचं ऐकतो, कारण होडी त्याची.

आता वस्तूबद्दल थोडं बारीक. लुअर लाकडाचं आहे, वर थर कितीही चांगला असला तरी कालवांच्या खडकावर आपटलं की चरा पडणारच आणि चऱ्यातून पाणी शिरलं की लाकूड फुगतं, चाल बिघडते. चरा दिसला की बायकोची नेलपॉलिश, बिनरंगी, लगेच, विचारून. हूक गोड्या पाण्यातल्या माशाच्या हिशेबाने बारीक असतात, खाऱ्या पाण्यात वापरायचं तर जाड तारेचे आणि गंज न धरणारे बदलून घ्यावेत, पण वजनाने तेवढेच बघा, जड हूक लावलेत तर तरंगणारं लुअर बुडणारं होतं आणि मग पैसे कशाला घातले. घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली धुवा, उन्हात नको, सावलीत सुकवा. सरळ न येता एका बाजूला पळत असेल तर पुढची तारेची कडी पक्कडीने उलट बाजूला केसभर वाकवा, केसभर म्हणजे खरंच केसभर. आणि गाठ मारताना दोरी नाकाला घट्ट आवळू नका, मोकळा फास ठेवणारी गाठ मारा, तिला रपाला नॉटच म्हणतात, घट्ट गाठीने अर्धी लटपट मरते.

नकली माल भरपूर आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने ऑनलाइन अर्ध्याहून कमी भावात मागवलं, डबा हुबेहूब, आतलं लुअर प्लास्टिकचं, हलवलं की आत खुळखुळ आवाज. ओरिजिनल फ्लोटर खुळखुळत नाही, ते भरीव लाकूड आहे. हातात घेतल्यावर काहीच घेतलं नाही असं वाटलं पाहिजे. अस्सल लुअर साधारण एक किलो चोणकाच्या भावात पडतं, म्हणजे एक मासा लागला की वसूल, आणि खारफुटीत एक हरवलं की तेवढंच दुःख. म्हापशात मासळी मार्केटच्या आसपास गळाचं सामान ठेवणारे आहेत, हातात घेऊन बघून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

अजून एक, हे रिव्ह्यूत बसतं की नाही माहीत नाही पण लिहितो. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे सहा-आठ किलोच्या वरचा जो मासा धरून लोक फोटो काढतात तो जवळजवळ नेहमी मादीच. पावसाच्या तोंडावर त्या खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला उतरतात. जून-जुलैत ट्रॉलरना बंदी आहे, गळाला नाही, पण मे अखेरीस मोठी मादी लागली तर सोडून द्यायला काही जात नाही, रव्यात तळायला दोन किलोवाला जास्त चांगला लागतो, मोठ्याचं मांस जाडं होतं. ह्या लुअरवर तिहेरी हूक असतात त्यामुळे सोडताना त्रास होतो, म्हणून मी हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकतो. थोडे मासे सुटतात त्याने, पण माझ्या अंगठ्यातून हूक काढायला डॉक्टरकडे जावं लागत नाही हा बोनस.

पहिलंच घेत असाल तर एफ ११, चंदेरी पोट काळी पाठ. दुसरं फायरटायगर. एफ १८ च्या मोहात पडू नका, २१ ग्रॅम आहे म्हणून फेकायला मस्त, पण नदीतल्या नेहमीच्या चोणकाला जरा मोठं होतं, ते तेरेखोलच्या मुखावर खडकावरून गरवणाऱ्यांसाठी ठेवा.