पितळी रॅपिड रेक्टिलिनियर: चकाक्या मोजा, मगच पैसे मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एखादा जुना स्टुडिओ आवरला की हाफ-प्लेट (काचेच्या प्लेटवर फोटो काढणाऱ्या) कॅमेऱ्याबरोबर पितळी लेन्सही विकायला निघते. कड्यावरचं नाव पुसलेलं असतं, नाहीतर नुसतं दुकानदाराचं असतं. बऱ्याचदा ती रॅपिड रेक्टिलिनियर असते, म्हणजे लंडनच्या लेन्सनिर्मात्या डॉलमायरने 1866 मध्ये आणलेली रचना. लेन्स गुणी आहे, पण खात्री करूनच घ्यावी.

डायफ्रॅम (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारा पडदा) पूर्ण मिटवा, टॉर्च तिरपा धरा आणि आधी पुढच्या, मग मागच्या भागातल्या चकाक्या, म्हणजे काचेत दिसणारी टॉर्चची प्रतिबिंबं, मोजा. काच हवेला भिडते तिथली चकाकी ठळक, दोन काचा चिकटवल्या आहेत तिथली फिकट. रेक्टिलिनियरला दोन्हीकडे दोन ठळक, एक फिकट. दोन्हीकडे दोन ठळक, दोन फिकट दिसल्या तर बहुधा डागोर ही दुसरी रचना, सोडू नका! पुढे चार ठळक आणि मागे दोन ठळक, एक फिकट असेल तर टेसर ही आणखी एक रचना. नेमकं उलट असेल तर पेट्झव्हाल रचना.

फसगत होते ती बाल्सममुळे, म्हणजे काचा चिकटवायच्या पारदर्शक डिंकामुळे. चिकटवलेला थर वयाने सुटला की आत हवा शिरते, फिकट चकाकी ठळक होते आणि रचना भलतीच वाटते. कडेला इंद्रधनुषी वलयं किंवा पिवळट पिसाऱ्यासारखे डाग दिसले तर तेच झालंय. अशा काचेला थिनर लावू नका, उरलेला बाल्समही विरघळेल.

शंका उरलीच तर पुढचा भाग काढा आणि नुसत्या मागच्या भागाने लांबच्या इमारतीची प्रतिमा कागदावर घ्या. अख्ख्या लेन्सच्या साधारण दुप्पट अंतरावर ती उमटली, तर दोन्ही भाग सारखे. टेसरचा पुढचा भाग एकटा कामाची प्रतिमा देत नाही. आटे अडकले असतील तर रबराच्या तुकड्याने धरून फिरवा. पक्कडीने पितळ चेपतं आणि मग भाग कायमचा अडकतो.

कोटिंग (चकाकी कमी करणारा लेप) नसूनही हवेला भिडणारे पृष्ठभाग चारच, त्यामुळे कॉन्ट्रास्ट टिकतो. खिडकीच्या उजेडातल्या पोर्ट्रेटला एफ/8 वर सुरेख. ग्रुप फोटोत मात्र कडेचे चेहरे ॲस्टिग्मॅटिझममुळे (कडेच्या प्रतिमेतला दोष) विरतात, तिथे एफ/22, म्हणजे बरंच लहान छिद्र, लागतंच. कड्यावर 4, 8, 16, 32, 64 असे आकडे असतील तर ती छिद्राची जुनी यू.एस. (युनिफॉर्म सिस्टिम) मोजणी: 4 म्हणजे एफ/8, 16 म्हणजे एफ/16, 64 म्हणजे एफ/32. 64 ला एफ/64 धरलंत तर फिल्मवर चौपट उजेड पडेल.