उसाचा एक एकर ठिबक संच : नळीला पैकीच्या पैकी, फिल्टर काठावर पास

कोल्हापुरात कुठल्याही ठिबकच्या दुकानात जाऊन "एक एकर उसाचा संच द्या" म्हटलं की साधारण एकच माल समोर येतो. १६ मिमीची इनलाइन नळी (आतच ठरावीक अंतरावर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बसवलेली), २ इंची जाळीचा प्लास्टिक फिल्टर, एक व्हेंचुरी (पाण्याच्या दाबावर खत ओढून नळीत सोडणारी), ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप, एक-दोन व्हॉल्व्ह आणि पिशवीभर फिटिंग. गिऱ्हाईक घासाघीस करतं ती नळीच्या मीटरच्या दरावर. संच बंद पडतो तो फिल्टरपाशी. हे परीक्षण या ठरावीक संचाचं आहे. नावं वेगवेगळी असली तरी रचना सगळ्यांची सारखीच.

आधी नळी. पाच फुटी सरीला एकरी २,७०० मीटर नळी लागते, साडेचार फुटीला २,९५० मीटर. अजून कुणी तीन फुटी सरीवर अडून असेल, तर नळी ४,४०० मीटरवर जाते. त्या बेतात ठिबक परवडत नाही. आधी सरी मोठी करा. अडीच-पाच फूट पट्टा पद्धतीत (जोडओळीत अडीच फूट, दोन जोड्यांत पाच फूट) दोन ओळींना मिळून एक नळी चालते आणि काम १,७७० मीटरमध्ये भागतं. मात्र हे भारी काळ्या रानातच. मुरमाड रानात पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली उतरतं. तिथं दर ओळीला नळी आणि ड्रिपरमधलं अंतर ३० सेमी ठेवावं. काळ्या रानाला ४० सेमी पुरे.

नळी घेताना तिच्यावरचा छापील मजकूर वाचा. आयएसआय खूण, आयएस १३४८८ हा क्रमांक, व्यास, वर्ग, ड्रिपरचा प्रवाह आणि अंतर, एवढं सगळं दर काही अंतरावर उमटलेलं पाहिजे. एकाच वर्गाची दोन दुकानांतली बंडलं काट्यावर ठेवून वजनाला मीटरने भागा, पातळ माल तिथंच उघडा पडतो. छापील मजकूर आणि वजन दोन्हींत उतरणारी नळी आता बाजारात सहज मिळते, आणि उन्हात राहूनही ती खोडवे निघेपर्यंत टिकते. शीर्षकातले पैकीच्या पैकी याचे.

दोन लिटरचा ड्रिपर घ्यायचा की चार लिटरचा? दुकानदार चार लिटरचा पुढे करतो, "लवकर पाणी होतंय" म्हणून. गणित मांडून बघा. पाच फुटी सरीत ४० सेमीवर एकरी ६,७५० ड्रिपर बसतात. दोन लिटरने तासाला १३,५०० लिटर लागतात, चार लिटरने २७,०००. चाळीस मीटर उचल असलेली ५ एचपीची मोटर तासाला १७,००० लिटरच्या आसपास पाणी टाकते. म्हणजे चार लिटरच्या ड्रिपरला एकराचे दोन भाग आणि दोन व्हॉल्व्ह करावेच लागतात. ते केले नाहीत तर शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात आणि दोष नळीला दिला जातो. ६३ मिमीच्या पाइपलाही २७,००० लिटर झेपत नाहीत, दाब पाइपातच खर्ची पडतो. काळ्या रानात तर चार लिटरचं पाणी मुरायच्या आधी वर साचतं. एका ओळीला एक नळी असेल तर दोन लिटरचा घ्यावा. पट्टा पद्धतीत ड्रिपर कमी असतात, तिथं चार लिटरचा चालतो.

मोटरचं पाणी मोजताना एक चूक नेहमी होते. पाइपाच्या उघड्या तोंडाशी २०० लिटरचं बॅरल लावायचं, ४५ सेकंदांत भरलं की तासाला १६,००० लिटर धरायचे, आणि त्यावर आराखडा काढायचा. पण ठिबक जोडल्यावर फिल्टरपाशी दीड-दोन किलो दाब लागतो, म्हणजे मोटरला आणखी १५ ते २० मीटर उचल पडते. पाणी तेवढं घटतं. आपल्याकडं नदीचे काठ खोल, उचल आधीच मोठी, त्यामुळं हा फरक जास्तच जाणवतो. मोजायचंच तर व्हॉल्व्ह थोडा दाबून, गेजवर दीड किलो आणून मगच बॅरल लावा.

आता फिल्टर. संचात मिळणारा जाळीचा फिल्टर स्वच्छ विहिरीच्या पाण्याला पुरतो. पंचगंगा, भोगावती किंवा वारणेच्या पाण्याला तो एकटा पुरत नाही, मग दुकानदार काहीही सांगो. पावसाळ्यात नदी लाल होते तेव्हा गाळ येतो. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर बंधाऱ्यामागं पाणी थांबतं, ऊन वाढतं तसं शेवाळ धरतं. गाळ जाळीत अडकून दाब खातो, शेवाळाचा चिकटा मात्र दाबाखाली जाळीतून पिळून आत जातो आणि ड्रिपरच्या वळणदार वाटेत बसतो. म्हणून नदीच्या पाण्याला आधी वाळूचा फिल्टर आणि त्याच्या पुढं १३० मायक्रॉनचा चकतीचा फिल्टर पाहिजे. बोअरचं पाणी रेतीमिश्रित येत असेल तर वाळूच्या फिल्टरऐवजी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून रेती वेगळी काढणारा फिल्टर. कोटेशनमधून वाळूचा फिल्टर वगळून बेरीज आकर्षक केलेली असते. तो वगळलेला आकडा स्वस्त समजू नये. काठावर पास म्हटलं ते यामुळं.

फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन प्रेशर गेज हवेत. संचात बहुधा एकच येतो, दुसरा वेगळा मागून घ्या. दोन्हींतला फरक अर्धा किलो झाला की वाळूचा फिल्टर बॅकवॉश करायचा, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवायचा, आणि चकत्या सोडवून ब्रशने धुवायच्या. बॅकवॉशचं पाणी ओढ्याला सोडू नका. गाळमिश्रित असलं तरी बांधावरच्या नारळाला ते चालतं, तिथवर एक पाइप टाकला की झालं. वाळूही कायमची नसते. कण झिजून गोल झाले किंवा गोळे धरायला लागले की बदलावी, आणि ती फिल्टरसाठी चाळलेलीच घ्यावी. बांधकामाची वाळू भरली तर बारीक कण स्वतःच नळीत जातात.

व्हेंचुरी ठीक आहे, पण ती चालते दाबातल्या फरकावर. आत येणाऱ्या दाबाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ती खाते. कमी दाबाच्या मोटरवर ती खत ओढतच नाही, उलट पाणी बादलीत परत येतं. असं होत असेल तर व्हॉल्व्हशी खेळत बसू नका. खत सोडायचा छोटा पंप बसवा. खत सोडण्याचा क्रम असा : पहिली २० मिनिटं नुसतं पाणी, मग खत, आणि शेवटी अर्धा तास पुन्हा नुसतं पाणी. शेवटचा अर्धा तास गाळला की ड्रिपरच्या तोंडाशी क्षार धरतात. युरिया, पांढरं पोटॅश, १२:६१:० (नत्र-स्फुरदाचं विद्राव्य खत) बिनधास्त चालतात. कॅल्शियम नायट्रेट मात्र फॉस्फेटच्या खताबरोबर एका बादलीत कधीच नको, पांढरा साका होऊन नळी बुजते. सुपर फॉस्फेट ठिबकमधून जात नाही, ते सरीतच मातीआड करावं.

पाणी किती द्यायचं हा संचाच्या बाहेरचा प्रश्न, पण त्यावरच सगळी बचत ठरते. भर उन्हाळ्यात मोठ्या उसाला दिवसाला साधारण ६ मिमी पाणी लागतं, म्हणजे एकरी २४,००० लिटर. दोन लिटरच्या ड्रिपरने पावणेदोन तास. थंडीत निम्म्याच्या आसपास, तासभर. पाटानं एक पाणी पाजलं तर एकरी ३ ते ४ लाख लिटर जातात आणि दहा दिवसांनी पुन्हा तेवढेच. ठिबकवर दहा दिवसांचा हिशोब अडीच लाखांच्या आत बसतो. पण संच बसवूनही "ऊस हाय, पाणी पाहिजेच" म्हणून रोज पाच तास मोटर सोडणारी रानं कमी नाहीत. तिथं पाटापेक्षा जास्त पाणी जातं, मुळांना हवा मिळत नाही आणि खत मुळांखाली वाहून जातं. ड्रिपरजवळची माती मुठीत दाबून बघावी. लाडू होऊन बोटं ओलसर झाली म्हणजे वाफसा, बोटांतून पाणी निथळलं म्हणजे मोटर बंद.

शिरोळ-हातकणंगल्याच्या क्षारपड रानासाठी एक खुलासा. अति पाण्यानं भूजल वर येऊन रान चोपण होणं ठिबक थांबवू शकतं, कारण मुळात जादा पाणीच जात नाही. पण आधीच बिघडलेलं रान ठिबकनं सुधारत नाही. ओलाव्याच्या कडेला क्षार गोळा होत जातात. तिथं आधी सच्छिद्र पाइपांचा निचरा, ठिबक त्यानंतर.

हा संच कुणी घेऊ नये, हेही सांगायला पाहिजे. ज्यांचं पाणी फक्त लिफ्टच्या (उपसा सिंचन) संस्थेचं आहे आणि पाळी दहा-पंधरा दिवसांनी येते, त्यांनी नुसता संच घेऊन उपयोग नाही. ठिबकला रोज किंवा दिवसाआड पाणी लागतं. विहीर किंवा बोअरची जोड नसेल तर मध्ये साठवण हवी. दहा दिवसांच्या पाळीला एकरी २.४ लाख लिटर साठवावे लागतात. १४ बाय १४ मीटर तोंडाचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराचं शेततळं घेतलं आणि वरचा अर्धा मीटर मोकळा सोडला तर २.८ लाख लिटर बसतात. जागा जाते दोन गुंठे, काठाचा भराव धरून थोडी जास्तच. प्लास्टिक अस्तर नसेल तर मुरमाड जागेत ते पाणी तिसऱ्या दिवशी दिसणार नाही. पाणीपट्टी एकरावर आकारली जात असेल तर वाचवलेल्या पाण्याचे पैसेही वाचत नाहीत. अशा ठिकाणी ठिबकचा फायदा खतात, मजुरीत आणि उत्पादनात मोजावा.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी एक परीक्षा घ्या, बिल चुकतं करायच्या आधी. व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या ड्रिपरखाली आणि सर्वांत लांबच्या शेवटच्या ड्रिपरखाली एकेक वाटी ठेवून बरोबर सहा मिनिटं मोजा. दोन लिटरच्या ड्रिपरला २०० मिली आलं पाहिजे. दोन वाट्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर नळी लांब झाली आहे किंवा दाब कमी आहे; दुकानदाराकडून दुरुस्त करून घ्या. आपल्याकडची चिंचोळी, लांबच लांब वाटण्यांची रानं इथंच फसतात. उपमुख्य पाइप (ज्यातून नळ्या फुटतात तो) एका टोकाला न टाकता रानाच्या मध्यातून टाकून दोन्ही बाजूंना नळ्या काढल्या की लांबी निम्मी होते.

देखभालीत सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम म्हणजे नळीची टोकं उघडणं. दर पंधरा दिवसांनी पाच-पाच नळ्यांची टोकं सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. सगळी एकदम उघडली तर दाबच राहत नाही, गाळ जागचा हलत नाही. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर : हजार लिटर पाण्याला ६५ ते ७० ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून, निवळून, वरचं पाणीच सोडायचं. क्षारांसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल : बादलीभर पाण्यात थोडं थोडं टाकून सामू (पीएच) ४ यायला किती लागतं ते पट्टीवर बघून त्याच प्रमाणात सोडायचं, शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचलं की मोटर बंद करून २४ तास ठेवायचं आणि मग टोकं उघडून धुवायचं. आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात कधीच नाही. ब्लीचिंग आणि आम्ल एका दिवशीही नको, विषारी वायू तयार होतो.

तोडणीच्या वेळी नळी रानात ठेवली तर कोयता आणि ट्रॅक्टरचं चाक मिळून निम्मी नळी संपवतात. पाचट पेटवणाऱ्याची तर सगळीच. नळी गुंडाळून बांधावर घ्या, पाचट सरीत ठेवा. खोडव्याला ते पांघरूण म्हणून पाणीही वाचवतं. जमिनीखाली नळी पुरायचा सल्ला हल्ली मिळतो, पण आपल्या भारी रानात मुळं ड्रिपरमध्ये शिरतात आणि कुठला बुजला हे दिसत नाही. उंदीर-घुशींनी कुरतडलेली नळी वर असली तर लगेच सापडते. पूरपट्ट्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की मोटरबरोबर फिल्टर आणि व्हेंचुरीही वर काढा. नळी राहिली तर टोकं बंद ठेवा, पूर ओसरल्यावर आधी धुणं, मग खत.

परसातल्या भाजीसाठी याच दुकानात २०० लिटरच्या बॅरलवर चालणारा छोटा संच मिळतो. बॅरल सव्वा मीटर उंचीवर ठेवलं तर चार लिटरचा ड्रिपर तासाला सव्वा ते दीड लिटरच देतो, ही त्याची खोट नाही, दाबच तेवढा असतो. कुंड्यांना आणि वांगी-मिरचीच्या दोन वाफ्यांना उत्तम. आरओच्या मशीनमधलं टाकाऊ पाणी त्यात भरू नका, ते क्षारयुक्त असतं. फरशी पुसायला वापरा.

अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करावी, आधीचं बिल धरलं जात नाही. अल्पभूधारकाला ८० आणि इतरांना ७५ टक्के म्हणतात ते सरकारी मापदंडावर असतं, तुमच्या बिलावर नव्हे. वाळूचा फिल्टर बिलात स्वतंत्र ओळीवर लिहून घ्या. आणि निघताना नळी जोडायचे पन्नास जॉइनर आणि नळी पाइपाला बसवायचे वीस रबरी ग्रोमेट व दहा टेकऑफ पिशवीत टाकून घ्या, उन्हाळ्यात रात्रीच्या विजेवर पाणी सुटलेलं असताना ते कुठंच मिळत नाहीत.