खानापूरचा पावसाळा आणि उबुंटूचं हायबरनेट: कर्नल बदलल्यानंतरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल, कधी येईल याचा भरवसा नाही. जुनी बॅटरी स्लीपमध्येही उतरते. म्हणून ८ जीबी रॅमच्या सेकंडहँड लॅपटॉपवर ८ जीबीची स्वॅप फाइल (रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवायची जागा) करून उबुंटू २४.०४ चं हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करण्याची सोय, काही महिने वापरलं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.८ होता तोवर तक्रार नव्हती. ६.१४ आला आणि मशीन नीट बंद व्हायचं, पण चालू केलं की कोरा डेस्कटॉप.

म्हणजे इमेज (रॅमची डिस्कवरची प्रत) लिहिली जाते, परत उचलली जात नाही. आधी 'प्रॉक'मधली 'सीएमडीलाइन' बघा, म्हणजे कर्नल कोणत्या पर्यायांनी सुरू झाला ते दिसतं. तिथे 'रिझ्यूम' आणि 'रिझ्यूम ऑफसेट' (इमेज कुठून उचलायची ते सांगणारे पर्याय) नसतील तर गडबड ग्रबची, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची. थेट ग्रब.सीएफजीत केलेला बदल नवा कर्नल बसताना पुसला जातो, कारण ती फाइल तेव्हा नव्याने तयार होते. दोन्ही पर्याय 'इटीसी-डिफॉल्ट'मधल्या ग्रब फाइलीत लिहा, मग अपडेट-ग्रब आणि सगळ्या कर्नलसाठी अपडेट-इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा संच नव्याने बांधणारी आज्ञा) चालवा. 'रिझ्यूम'मध्ये यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) द्यायचा तो स्वॅपचा नव्हे, स्वॅप फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा. पुष्कळांचं घोडं इथेच अडतं. ऑफसेट म्हणजे स्वॅप फाइलवर चालवलेल्या 'फाइलफ्रॅग' आज्ञेच्या तक्त्यातल्या पहिल्या ओळीतला, 'फिजिकल' रकान्यातला पहिला आकडा. स्वॅप फाइल पुसून मोठी केली तर तो बदलतो.

हायबरनेटला लगेच नकार मिळत असेल तर बायोसमधला सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) तपासा. तो चालू असला की कर्नलचं 'लॉकडाऊन' हे सुरक्षेचं बंधन हायबरनेट अडवतं. जुन्या मशीनचा सीमॉस सेल (मदरबोर्डवरचा छोटा सेल) संपला की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यात सिक्युअर बूटही परत चालू होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

मशीन अर्ध्यातच गोठलं तर संशय ड्रायव्हरवर. 'सिस-पॉवर'मधल्या 'पीएम टेस्ट' या चाचणीच्या फाइलीत आधी 'फ्रीझर', मग 'डिव्हाइसेस' लिहून हायबरनेट द्या. ५ सेकंदांनी मशीन आपोआप परतायला हवं. 'डिव्हाइसेस'वर अडकलं तर वायफाय किंवा ग्राफिक्सचं मॉड्यूल काढून पुन्हा बघा. शेवटी तिथे 'नन' लिहायचंच, नाहीतर खरं हायबरनेट होतच नाही. ग्रबच्या अॅडव्हान्स्ड यादीतून जुन्या कर्नलवर सगळं चालत असेल तर दोष नव्याचा. तोवर जुना काढू नका.

एवढं जमलं की हायबरनेट भरवशाचं आहे, फक्त यूपॉवरच्या, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेच्या, मूळ सेटिंगवर विसंबू नका. बॅटरी २ टक्क्यांवर येईपर्यंत ते थांबतं, जुनी बॅटरी त्याआधीच मान टाकते. यूपॉवरच्या सेटिंग फाइलीत 'क्रिटिकल पॉवर अॅक्शन' हायबरनेट करा, 'पर्सेंटेज अॅक्शन' १० आणि 'पर्सेंटेज क्रिटिकल' १५. 'लो' २० असतोच. लो, क्रिटिकल, अॅक्शन हे तीन आकडे उतरत्या क्रमात नसले तर यूपॉवर तिन्ही सोडून मूळ आकडे धरतं.